न हलणारा आरसा

मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे पस्तीस एमएमपेक्षा मोठ्या निगेटिव्हचा, फिल्म कॅमेरा घ्यायचा म्हटलं की लोकं पहिला सल्ला शार्पनेसचा देतात. कुठली लेन्स जास्त धारदार, कुणाचे कोपरे मऊ, कुणाचं कोटिंग भारी. मी पण बरेच महिने हेच वाचत होतो, आणि आता दोन भिंगांचा टीएलआर आणि एका भिंगाचा एसएलआर असे दोन्ही प्रकारचे कॅमेरे गळ्यात अडकवून नागपुरातल्या महाल-इतवारीच्या गल्ल्या फिरल्यावर माझं मत पक्कं झालंय की शार्पनेसवर डोकं शिणवायची गरजच नाही, दोन्ही पुरून उरतात. खरा फरक आरशाचा आहे. एकात आरसा हलतो, दुसऱ्यात हलत नाही. एवढ्याशा गोष्टीवरून मग किती उजेडात फोटो निघेल, तुम्ही कुठे उभे राहाल, समोरचा माणूस तुमच्याकडे कसा बघेल आणि फोटो निघतो त्या क्षणी तुम्हाला स्वतःला काय दिसेल हे सगळं ठरत जातं. हे नीट सांगायचंय म्हणून लांबलचक लिहितोय.

आधी माझं काम काय ते सांगतो, कारण त्याशिवाय कॅमेऱ्याची चर्चा नुसती हवेतली. महाल, इतवारी, गांधीबाग या भागातल्या जुन्या दुकानांतल्या जुन्या माणसांचे पोर्ट्रेट करतोय. शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारे, भांड्यांवर नावं टाकून देणारे, जडीबुटीवाले, वह्या बांधणारे. बर्डीवर मेट्रो आली, धरमपेठेत काचेची शोरूम आली, पण इकडे अजून आठ फूट रुंदीच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसलेला माणूस दिसतो आणि त्याच्या मागे त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो असतो. पुढची पिढी पुण्याला, हैदराबादला गेलीय. ही दुकानं आता फार वर्षं अशी राहणार नाहीत हे त्यांनाही माहीत आहे, मलाही. मला त्यांचा नीट, मोठा, कागदावरचा प्रिंट काढून त्यांच्या हातात द्यायचाय आणि निगेटिव्ह जपून ठेवायचीय. मोबाइलवर मी पण रोज फोटो काढतो, त्याच्याशी माझं काही भांडण नाही, पण हे काम मला फिल्मवरच करायचंय.

आणि फिल्म म्हणजे १२० ची. कोडॅकने १९०१ साली आपल्या ब्राउनी नंबर २ या साध्या डबा कॅमेऱ्यासाठी आणलेला हा रोल अजूनही तसाच बनतो, मागे काळा-पिवळा कागद, कागदावर आकडे, छिद्रं नाहीत. आपल्याकडे ज्यांच्या घरी अग्फा क्लिक थ्री होता त्यांना हा रोल माहीत असणार, त्यात बारा चौकोनी फोटो निघायचे. सत्तरच्या दशकातले लग्नाचे अल्बम उघडून बघा, काळ्या जाड पानांवर चार कोपऱ्यांत कॉर्नर लावून बसवलेले ते चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट फोटो बहुतेक याच रोलचे असतात. पस्तीस एमएमची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. १२० वर सहा बाय सहा म्हणतात ती फ्रेम खरी ५६ बाय ५६ ची, म्हणजे ३१३६. साडेतीन पटींहून जास्त. प्रिंट मोठा केला की हा फरक आकड्यात सांगावा लागत नाही, चेहऱ्यावरचा उजेड गालावरून कानाकडे जाताना मधे कुठे तुटत नाही, तिथे दिसतो.

तर दोन कॅमेरे. पहिला आमच्या मोठ्या काकांचा याशिका मॅट १२४जी. टीएलआर, म्हणजे दोन भिंगांवाला. हे मॉडेल १९७० ला आलं आणि १९८६ पर्यंत बनत होतं, पण ही जातच जुनी, जर्मनीत ब्राउनश्वाइगला रोलायफ्लेक्स निघाला १९२९ ला, त्याच वंशातलं हे जपानी आणि परवडणारं. वरचं भिंग बघायला, खालचं भिंग फिल्मला. वरच्या भिंगातून आलेला उजेड ४५ अंशात पक्क्या बसवलेल्या आरशावर पडतो आणि वरच्या घासलेल्या काचेवर चित्र उमटतं. दोन्ही भिंगं एकाच पाटीवर असल्यामुळे फोकसचं चाक फिरवलं की सोबतच पुढे-मागे होतात. आरसा जागचा हलत नाही, त्याला हलायचं कारणच नाही, कारण फिल्मच्या वाटेत तो येतच नाही.

दुसरा मामिया आरबी६७ प्रो-एस. हा एसएलआर. धरमपेठेत ज्यांचा स्टुडिओ होता अशा एका काकांनी दिलाय, स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली, ते म्हणाले, "ने बाप्पा, चालवून पाय, आवडला तर पैशाचं बोलू." आरबी म्हणजे रिव्हॉल्व्हिंग बॅक, मागची फिल्मची पेटी गोल फिरते, त्यामुळे आडव्याचा उभा फोटो करायला कॅमेरा वळवावा लागत नाही. पहिला आरबी पण १९७० चाच, प्रो-एस १९७४ चा. फ्रेम सहा बाय सात, एका रोलमधे दहा. एकच भिंग, त्याच्यातूनच बघायचं आणि त्याच्यातूनच फिल्मवर जायचं, म्हणून मधे आरसा, आणि फोटोच्या वेळी त्या आरशाला बाजूला व्हावंच लागतं.

आरबीबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण तो कॅमेरा त्या लायकीचा आहे. बॅटरी नाही, सर्किट नाही, सगळं लोखंडी काम. लेन्स पुढे-मागे नेणारा घडीचा भाता असल्यामुळे बरंच जवळ जाता येतं, १२७ एमएमच्या लेन्सवर शिंप्याचा नुसता अंगुस्तान घातलेला हात फ्रेमभर येतो, वेगळं काही लावायची गरज नाही, फक्त भाता जास्त ओढला की उजेड कमी पोचतो म्हणून बाजूच्या पट्टीवर बघून एक्स्पोजर वाढवायचं. काचेवरचं चित्र इतकं मोठं आणि भरलेलं दिसतं की फोटो न काढता नुसतं बघत बसावं. आणि काचेवर जे दिसतं तेच फिल्मवर, कोपऱ्यातला खिळासुद्धा. घड्याळवाल्या काकांचा या कॅमेऱ्यावर ट्रायपॉडवरून काढलेला एक फोटो आहे, डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर सरकवलेलं, आणि मिशीचा एकेक केस मोजता येतो. लाइट टेबलवर ती निगेटिव्ह ठेवली तेव्हा मी बायकोला हाक मारून बोलावलं. तशी दुसरी निगेटिव्ह माझ्याकडे नाही.

पण तो फोटो निघायला काय काय होतं ते बघा. डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मपुढची उजेड अडवणारी पट्टी, ओढून काढायची. बाजूचा मोठा लिव्हर खाली दाबायचा, आरसा खाली येतो, शटर भरतं. मोठी चाकं फिरवून फोकस. बटन दाबलं की लेन्समधलं शटर आधी बंद होतं, मग आरसा वर जाऊन फिल्मची वाट मोकळी करतो, मग शटर ठरल्या वेळेपुरतं उघडून मिटतं. हे सगळं एका धाड् आवाजात. आरसा वरच राहतो आणि काच काळी होते, परत लिव्हर दाबेपर्यंत काळीच. फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर आणखी वेगळा, मागच्या पेटीवर. लेन्ससकट वजन पावणेतीन किलोच्या आसपास. तुम्ही म्हणाल सवय होते, होते की, हात आपोआप चालायला लागतात, पण आठ फुटांच्या दुकानात गिऱ्हाईक येतंय जातंय, गादीच्या समोर ट्रायपॉडचे तीन पाय पसरलेत आणि एक बाई पोलक्याचं माप द्यायला उभी आहे, अशा वेळी त्या माणसाचा धंदा थांबतो. त्याचा धंदा थांबवून काढलेला फोटो मला नकोय. मला तो त्याच्या कामात पाहिजे.

ट्रायपॉडशिवाय का नाही, तर उजेड. ही दुकानं एका बाजूने उघडी, रस्त्याकडून उजेड येतो आणि चार-पाच फूट आत गेला की संपतो. ओट्याजवळ मीटर दाखवतं ४०० च्या फिल्मला एफ ४ वर १/६० सेकंद, आणि आत, जिथे माणूस खरा बसतो, तिथे १/१५. दुपारी बाहेर आग ओकत असली तरी आत हेच, उलट मे महिन्यात उन्हासाठी पुढे हिरवं कापड किंवा ताडपत्री सोडतात म्हणून आणखी कमी. आता १/१५ ला पावणेतीन किलोचा कॅमेरा हातात धरून त्यातला एवढा मोठा आरसा उसळला की फोटो हलणार. त्यावर उपाय आहे, आरबीच्या लेन्सला वेगळी केबल लावून आरसा आधीच वर करून ठेवता येतो आणि मग नुसतं शटर उडवायचं, पण मग काच काळी झालेली असते आणि समोरचा माणूस त्या मधल्या वेळात मान वळवतो, हसतो, कुणाला तरी "या साहेब" म्हणतो, आणि ते काहीच तुम्हाला दिसत नाही, म्हणजे काचेवर दिसत नाही, डोकं वर काढून बघावं लागतं.

याशिकाला हे काहीच नाही. वजन किलोपेक्षा थोडं जास्त. पट्टा मानेत, कॅमेरा खाली ओढून पट्टा ताणायचा, कोपर बरगडीला, श्वास सोडायचा आणि बटन हलकेच दाबायचं. टिक् इतकाच आवाज, पंखा सुरू असला तर तोही ऐकू येत नाही. १/१५ ला माझे बहुतेक फोटो नीट आलेत, १/८ ला भिंतीला पाठ टेकवली तर काही. दोन्ही कॅमेऱ्यांचं शटर लेन्समधेच असतं, पाकळ्यांचं, त्यामुळे शटरचा धक्का दोघांतही नगण्य, आणि फ्लॅश दोघांतही कुठल्याही स्पीडला चालतो, तिथे कुणी कुणाला हरवत नाही. धक्का आहे तो आरशाचा.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते.

एसएलआरमधे फोटो निघतो तो क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या आधीचं दिसतं, आरबीत तर नंतरचंही लगेच नाही. नेमका जो क्षण फिल्मवर गेला तो आरशाच्या मागे गेला. टीएलआरमधे काच कधीच काळी होत नाही. बटन दाबताना, शटर उघडं असताना, मिटताना, माणूस काचेवर आहेच. १/१५ हा काही फार छोटा वेळ नाही, डोळ्याला तो कळतो. पापणी मिटली तर मला तिथल्या तिथे कळतं की ही फ्रेम गेली आणि मी दुसरी काढतो. मान हलली तर कळतं. आणि जेव्हा जमतं, म्हणजे शिंपी काका कात्री थांबवून खडू कानामागे ठेवतात आणि दारातल्या नातवाकडे बघतात आणि त्याच वेळी टिक्, तेव्हा मी ते बघितलेलं असतं. फिल्मच्या मागे स्क्रीन नसते. डेव्हलप होईपर्यंत आपल्याजवळ फक्त आपण काय बघितलं एवढंच असतं, आणि टीएलआर ते बघितलेलं आपल्याजवळ राहू देतो. माझ्यासाठी हा प्रश्न इथेच बराचसा सुटला होता, बाकीचं मी तरी पण सगळं तपासून बघितलं कारण कॅमेरा वर्षानुवर्षं वापरायचाय.

नजरेचं बघा. दोन्ही कॅमेऱ्यांत वरून खाली काचेत बघायचं असतं, आरबीला पण तोच फाइंडर, त्यामुळे टीएलआरवाले जे म्हणतात की कमरेच्या उंचीवरून बघणं ही फक्त आमची खासियत, ते खरं नाही. पण आरबी कमरेच्या उंचीवर हातात धरून उभं राहायची गोष्ट फार वेळ जमत नाही. आणि आमच्या या दुकानांत कमरेची उंची फार कामाची आहे. दुकान ओट्यावर, ओट्यावर गादी, गादीवर माणूस, आणि तुम्ही खाली रस्त्यावर उभे. त्याचे डोळे आणि तुमच्या पोटा-छातीजवळचा कॅमेरा एका पातळीत येतात. डोळ्याला लावायचा कॅमेरा असता तर वाकावं लागलं असतं किंवा वरून खाली बघितल्यासारखा फोटो आला असता. शिवाय तोंड झाकलं जात नाही. माणूस लेन्सकडे नाही, तुमच्या टाळूकडे किंवा तुमच्या हातांकडे बघतो, मग कंटाळून परत कामाला लागतो. शिंपी काकांनीच पहिल्या दिवशी विचारलं, "काय पाहून राहिला भाऊ त्या डब्यात, विहिरीत डोकावल्यासारखा?" मी म्हटलं, तुम्हीच बघा. ते खाली उतरले, चष्मा सारखा केला आणि काचेत बघायला लागले. समोरून सायकल डावीकडून उजवीकडे गेली, काचेत उजवीकडून डावीकडे. "हे तं उलटं पळून राहिलं!" असं म्हणून त्यांनी शेजारच्या भांडीवाल्यालाही बोलावलं, मग त्याने पण बघितलं, मग चहा आला. त्यानंतर त्या गल्लीत मला कुणी काय करतोस म्हणून विचारलं नाही.

ते उलटं दिसणं मात्र सुरुवातीला फार छळतं. माणूस फ्रेमच्या डाव्या काठाला जायला लागला की हात उलट्या बाजूला वळतो. थोडे रोल गेले की हात शिकतो. त्याचा एक फायदा मला जाणवला की चित्र उलटं असलं की ओळखीच्या गोष्टी ओळखीच्या राहत नाहीत, भिंतीवरचं कॅलेंडर कॅलेंडर वाटत नाही, पांढरा चौकोन वाटतो, आणि तो चौकोन चेहऱ्याच्या मागे नको हे पटकन कळतं.

आपल्याकडे हा कॅमेरा घेऊन मोठं काम झालेलं आहे हे पण सांगितलं पाहिजे. होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, १९१३ ते २०१२, त्यांच्या हातात रोलायफ्लेक्स असायचा. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली, नेहरू, समारंभ, गर्दी, हे सगळं साडीत वावरत असा डबा घेऊन. टीएलआर गर्दीत चालत नाही असं जे म्हणतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबतीची मिरवणूक निघते, काळी आणि पिवळी असे मोठे पुतळे, सोबत बडगे नावाचे पुतळे, आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं शहर रस्त्यावर, तिथे कुणाच्या खांद्यावरून काही दिसायची सोय नसते. टीएलआर उलटा करून डोक्यावर धरायचा, काच खाली येते, मान वर करून त्यात बघायचं आणि गर्दीच्या वरून फोटो काढायचा. प्रेसवाल्यांची जुनी युक्ती. आरबी डोक्यावर धरून कुणी दाखवावं, मी बघायला येईन.

चौकोन की आयत हा वाद मला वाटतो तेवढा मोठा नाही, पण त्यात एक हिशोब आहे जो लोकं विसरतात. सहा बाय सातचं प्रमाण आठ बाय दहा इंची कागदाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं, काही कापावं लागत नाही. सहा बाय सहा त्याच कागदावर पूर्ण भरायचा तर वरून-खालून किंवा बाजूने कापावं लागतं आणि हातात ५६ बाय ४५ एवढीच फ्रेम उरते. म्हणजे आठ बाय दहाच्या प्रिंटसाठी आरबीची निगेटिव्ह दीडपटीहून मोठी ठरते. जे लोकं लग्नाचे, फ्रेमिंगचे प्रिंट देतात त्यांना हा हिशोब महत्त्वाचा. मी चौकोनच देणार आहे, कागदावर भोवती पांढरी जागा सोडून, कारण ओट्यावर मांडी घालून बसलेला माणूस चौकोनात फार नीट बसतो, गुडघे दोन खालच्या कोपऱ्यांत आणि डोकं वर मधे, आणि आजूबाजूचं सामान पण येतं.

टीएलआर कुठे कमी पडतो ते पण पूर्ण सांगतो. याशिका एक मीटरच्या आत फोकस होत नाही. पुढे लावायच्या क्लोजअप काचा मिळतात, पण मग दोन भिंगांतलं अंतर नडतं. बघायचं भिंग चार-पाच सेंटिमीटर वर आहे, त्यामुळे जवळ गेलं की तुम्हाला पूर्ण डोकं दिसतंय आणि फिल्मवर टाळू कापली जाते, असं होऊ शकतं. काही मॉडेलमधे फाइंडरची चौकट सरकून हे सांभाळते, पण दोन भिंगं दोन ठिकाणाहून बघतायत ही गोष्ट तर राहतेच, जवळच्या वस्तूच्या मागचं जे आहे ते थोडं वेगळंच येतं. एकच लेन्स, ८० एमएम, बदलायची सोय नाही. वरच्या काचेवर डेप्थ ऑफ फील्डचा, म्हणजे पुढे-मागे किती भाग फोकसमधे येईल याचा, अंदाज येत नाही कारण वरचं भिंग कायम पूर्ण उघडं असतं. म्हणजे हातांचे, सुईचे, घड्याळाच्या आतल्या चाकांचे फोटो या कॅमेऱ्याचं काम नाही. ते आरबीचं.

यावर मधला मार्ग म्हणून मामिया सी३३० सुचवणारे बरेच भेटतात, आणि सूचना चांगली आहे. तो टीएलआरच, पण भाता असलेला, आणि भिंगांची जोडी बदलता येते. त्याच्यासाठी पॅरामेंडर नावाचा तुकडा मिळतो, ट्रायपॉडवर बघून झालं की कॅमेरा दोन भिंगांतल्या अंतराइतका नेमका वर उचलतो, म्हणजे खालचं भिंग वरच्याच्या जागी येतं. अक्कल लावून केलेलं काम. पण वजन परत वाढतं, आणि पॅरामेंडर आला की ट्रायपॉड आला आणि मधल्या वेळात माणूस हलणार, म्हणजे फिरून आपण तिथेच. स्टुडिओत टेबलावरच्या वस्तू काढणाऱ्याने जरूर घ्यावा. हॅसलब्लॅडचं नाव मी मुद्दाम काढत नाहीये, त्याची किंमत बघून मी तो विषय बंद केला.

नागपूरचा म्हणून एक वेगळा मुद्दा आहे, ऊन. पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा काळा कॅमेरा उघड्यावर नेला की दहा मिनिटांत चटका बसतो. दोन्ही कॅमेऱ्यांत उजेड आत येऊ नये म्हणून फोमच्या पट्ट्या असतात, जुनी फोम उन्हाळ्यात चिकट डांबर होते, आरबीत जास्त ठिकाणी कारण बदलत्या पेट्या, फिरतं अडॅप्टर, सगळीकडे सील. भात्याला घडीच्या कोपऱ्यात बारीक छिद्र पडतं, तो धोका वेगळा. याशिकात एक मागचं झाकण सांभाळलं की झालं. रोल फ्रीजमधे ठेवायचे आणि वापरायच्या तासभर आधी बाहेर काढायचे, नाहीतर दव धरतं.

डेव्हलपिंग घरीच करतो, ब्लॅक अँड व्हाइट, रंगीत मुंबईला कुरिअरने. इलफर्डचा एचपी५ प्लस हा रोल आयडी-११ या डेव्हलपरमधे २० डिग्रीला साडेसात मिनिटं लागतो, आणि मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी कसं येतं हे नागपूरकराला सांगायला नको. २० चा हट्ट मी सोडलाय. पत्र्याच्या टबात बर्फ टाकून त्यात बाटल्या उभ्या करतो, २४ ला आणतो आणि वेळ कमी करून पाच-सव्वापाच मिनिटं देतो. डेव्हलपर, फिक्सर आणि धुवायचं पाणी, तिन्ही २४ च्या जवळपास ठेवायचं, एक थंड आणि एक गरम असलं की इमल्शनवर बारीक सुरकुती येऊ शकते. इथे बारा फ्रेम आणि दहा फ्रेम हा फरक पण खिशाला कळतो, चांगला रंगीत रोल हजाराच्या वर जातो, त्याला बारांनी भागा की दहांनी.

मी याशिका ठेवतोय. आरबी स्टुडिओवाल्या काकांना परत देणार आहे, त्यांनी "ठेव ना अजून थोडे दिवस" म्हटलंय, आणि तेवढ्यात हातांचे फोटो उरकून घ्यायचेत, शिंप्याचे, घड्याळवाल्यांचे, भांड्यावर नाव टाकणाऱ्यांचे, दुकान बंद व्हायच्या वेळी, धंदा आटोपल्यावर, ट्रायपॉडवर, आरसा वर करून. तेव्हा त्यांनाही वेळ असतो. दिवसाची कामं सगळी टीएलआरवर. आरबी वाईट म्हणून परत जात नाहीये, ज्यांचा स्वतःचा स्टुडिओ आहे, ज्यांच्याकडे माणसं फोटो काढायला म्हणून येऊन बसतात, त्यांनी तोच घ्यावा, याशिका घेऊच नये. माझी माणसं माझ्याकडे येत नाहीत, मी त्यांच्याकडे जातो.

कुणी जुना टीएलआर बघायला जाणार असेल तर सोबत टॉर्च न्या. मागचं झाकण उघडून शटर बी वर (बटन दाबलेलं असेतो उघडं राहतं) धरून आरपार टॉर्च मारा, फंगस असेल तर जाळी दिसते, किनाऱ्याकडून आलेल्या कॅमेऱ्यात हमखास. एक सेकंद आणि अर्धा सेकंद ऐकून बघा, शटर मधेच अडकत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोला. वरच्या आरशाचा पारा उडालाय का बघा, काच अंधारी दिसते ती बहुतेक त्यानेच. १२४जीच्या मीटरला जी मर्क्युरीची बॅटरी लागायची ती आता बनत नाही, त्यावर अडून बसू नका, मोबाइलमधलं मीटरचं अ‍ॅप पुरतं. क्रँक, म्हणजे फिल्म पुढे सरकवायची दांडी, मात्र फिरवून बघाच, पूर्ण पुढे आणि मग मागे, शटर त्यानेच भरतं, आणि तिथे खरखर लागली तर तो कॅमेरा सोडून द्या, त्या गिअरचे सुटे भाग मिळवणं कठीण आहे. मोठ्या काकांच्या याशिकाची क्रँक गुळगुळीत फिरते, एक सेकंदाचं शटर तेवढं थोडं लांबतं, ते पावसाळ्यात साफ करून घेणार आणि पोळ्याच्या आत परत आणणार.